मुलाला घेऊन सोलापूर सोडायचे असेल, तर न्यायालयापुढे आधी काय मांडावे

पती-पत्नी वेगळे राहू लागतात, मुलाचा ताबा एकाकडे जातो, दुसऱ्याच्या भेटीचे दिवस ठरतात, दोन-तीन वर्षांत मुलासकट सगळ्यांना त्या दिवसांची सवय होते आणि मग एक दिवस पुण्याहून किंवा हैदराबादहून नोकरीचे पत्र येते. ताबा असलेल्या पालकाच्या मनात तेव्हा पहिला प्रश्न येतो तो ‘मला जाण्याचा हक्क आहे की नाही’ हा. न्यायालयात मात्र या प्रश्नावर फारसा वेळ जात नाही. सज्ञान माणसाने कोठे राहावे हे न्यायालय ठरवत नाही. मूल कोठे राहील आणि मागे राहणाऱ्या पालकाशी त्याचे नाते कसे चालू राहील, एवढेच ते ठरवते. म्हणून अर्जाची तयारी उलट्या टोकाकडून करावी, असे मी पक्षकारांना नेहमी सांगतो. मागे राहणाऱ्याचे दिवस आधी लिहून काढावेत आणि आपले कारण त्यानंतर लिहावे.

हातात कोणता कागद आहे?

अर्ज कोणता करायचा हे हातातल्या कागदावरून ठरते. परस्पर संमतीने घटस्फोट झाला असेल, तर हुकूमनाम्यासोबत संमतीच्या अटी जोडलेल्या असतात आणि त्यांत बहुधा ‘वडिलांना दर रविवारी दुपारी चार ते सात या वेळेत मुलाला भेटता येईल’ अशा धर्तीचे एक वाक्य असते. दोघेही सोलापुरात असेपर्यंत हे वाक्य पाळणे सोपे असते, कारण जुळे सोलापुरातून अशोक चौकापर्यंत रिक्षाने जाता येते. पुण्यात बिऱ्हाड हलवल्यावर तेच वाक्य पाळणे अशक्य होते आणि चुकलेला प्रत्येक रविवार हुकमाचा भंग म्हणून समोरच्या वकिलाच्या वहीत नोंदला जातो. अशा वेळी हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली जुन्या अटींत बदल मागणारा अर्ज करावा लागतो. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो आणि परिस्थिती बदलली तर मुलाच्या हितासाठी तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच स्पष्ट केले असून संमतीने झालेल्या हुकमांनाही हे तत्त्व लागू आहे. ‘त्या वेळी तुम्हीच सही केली होती’ या आक्षेपाने म्हणूनच खचून जाऊ नये.

पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० खाली न्यायालयाने आपली पालक म्हणून नेमणूक केली असेल, तर नियम अधिक कडक आहे. त्या अधिनियमाचे कलम २६ असे सांगते की, नियमांनी ठरवून दिलेली कारणे वगळता, न्यायालयाच्या परवानगीशिवाय अशा पालकाने पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता कामा नये. न्यायालयाच्या अधिकाराला बाधा येईल अशा रीतीने मूल हलवल्यास कलम ४४ प्रमाणे एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास होऊ शकतो. एक हजार रुपये हा आकडा आज कोणाला भीती घालणार नाही, पण परवानगीशिवाय मूल नेलेल्या पालकाकडे न्यायाधीश पुढच्या प्रत्येक तारखेला ज्या नजरेने पाहतात, ती नजर दंडापेक्षा महाग पडते. हा अधिनियम सर्व धर्मीयांना लागू आहे.

तिसरी स्थिती म्हणजे कोणताच हुकूम नसणे. भांडण झाले, मुलाला घेऊन माहेरी आले, दोन वर्षे गेली, कोणी न्यायालयात गेले नाही. अशा पालकाने बाहेरगावी जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी असे कोणतेही कलम थेट सांगत नाही. तरीही गुपचूप जाऊ नये. ताब्याचा अर्ज १८९० च्या अधिनियमातील कलम ९ प्रमाणे मूल जेथे सर्वसाधारणपणे राहते तेथील न्यायालयात चालतो, आणि सर्वसाधारण वास्तव्य कोठे आहे हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निर्णयात म्हटले आहे. जन्मापासून सोलापुरात वाढलेले मूल हिंजवडीत पंधरा दिवस राहिले म्हणून पुणेकर होत नाही. समोरच्याने सोलापुरातच अर्ज केला, तर नव्या नोकरीतून रजा काढून तारखांना इकडे यावे लागते आणि त्या अर्जात पहिले वाक्य ‘मूल पळवून नेले’ हेच वाचायला मिळते. जाण्यापूर्वी नवा पत्ता, नवी शाळा आणि भेटीचा प्रस्ताव लेखी कळवून त्याची पोच ठेवलेली असेल, तर त्या वाक्यातली हवा तेथेच जाते.

याला एक अपवाद आहे. घरात मारहाण होत असेल किंवा जिवाला धोका असेल, तर आधी सुरक्षित ठिकाणी पोहोचावे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ खाली दंडाधिकाऱ्यांकडे मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो आणि हा अर्ज पीडित स्त्री तात्पुरती जेथे राहते तेथेही करता येतो.

न्यायालयांनी आजवर काय पाहिले

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चे कलम १३ मुलाच्या हिताला सर्वांत वरचे स्थान देते. कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे. पण ‘मूल चार वर्षांचे आहे, म्हणून मी त्याला कोठेही नेऊ शकते’ असा अर्थ त्यातून निघत नाही.

स्थलांतराच्या बाबतीत तीन निर्णय माहीत असलेले बरे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे ऑस्ट्रेलियात नोकरी मिळालेल्या आईचे प्रकरण आले. घटस्फोट संमतीने झालेला होता आणि वडिलांच्या भेटी ठरलेल्या होत्या. मूल आणि नोकरी यांपैकी एकाची निवड करायला आईला सांगता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि वडिलांच्या भेटीसाठी मुलाला भारतात आणण्याची अट कायम ठेवून परवानगी दिली. २०२० साली बंगळुरूच्या एका आईला मुलासह सिंगापूरला जाण्याची मुभा मिळाली, तीही वडिलांचा संपर्क कायम राहील अशा अटींसह. आपल्याला अधिक जवळचे प्रकरण २०२२ सालचे आहे. पुण्यातील एका अभियंता आईला पोलंडमध्ये नोकरी मिळाली होती, पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने परवानगी नाकारली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयात न्या. भारती डांगरे यांनी नऊ वर्षांच्या मुलीला सोबत नेण्याची परवानगी दिली.

या निर्णयांचे मथळे वाचून अनेक जण नोकरीचे पत्र जोडतात आणि निर्धास्त होतात. तिन्ही ठिकाणी परवानगीच्या हुकमातच मागे राहिलेल्या पालकाच्या भेटींची सोय केलेली आहे, ही बाब मथळ्यात येत नाही. ताबा वडिलांकडे असेल आणि त्यांना बाहेरगावी जायचे असेल, तर मोजपट्टी तीच लागते.

भेटीच्या प्रस्तावाचे पान

अर्जातील कारणाचा परिच्छेद लवकर आटोपावा. नेमणूकपत्र, पगार, सोलापुरातील सध्याचे उत्पन्न, पुण्यात कोणाचा आधार आहे आणि शाळा सुटल्यापासून आपण कामावरून येईपर्यंत मूल कोणाजवळ असेल, हे चार-पाच वाक्यांत मावते. यातील शेवटचा मुद्दा बहुतेक अर्जांत नसतोच, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. नव्या घराचा भाडेकरार आणि नव्या शाळेने प्रवेश देण्याची तयारी दाखवल्याचे पत्र जोडावे. शाळेच्या माध्यमाचा विचार आपल्या शहरात विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. घरी तेलुगू बोलणारा, पण पाचवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा हैदराबादेत कोणत्या माध्यमात बसणार, तेथे त्याचे मराठी सुटणार का, आणि पहिल्या वर्षी तो मागे पडू नये म्हणून काय करणार, हे अर्जातच लिहिलेले असेल तर त्यामागे विचार झाला आहे हे न्यायाधीशांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर भेटीच्या प्रस्तावावर हवा तेवढा वेळ घालवावा. ‘वडिलांना सोयीनुसार मुलाला भेटता येईल’ हे वाक्य उदार दिसते, पण त्याची अंमलबजावणी करता येत नाही, कारण सोय कोणाची हे त्यात लिहिलेले नसते. त्याऐवजी मसुदा असा असावा : ‘प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वडील पुण्यात येतील आणि सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत मूल त्यांच्यासोबत राहील. चौथ्या शनिवारी आई मुलाला सोलापुरात आणेल, मूल शनिवारची रात्र वडिलांच्या घरी राहील आणि रविवारी दुपारी चार वाजता वडील त्याला सोलापूर स्थानकावर आईच्या स्वाधीन करतील. येणे जमणार नसल्यास किंवा मूल आजारी असल्यास आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत संदेश पाठवावा आणि बुडालेली भेट पुढील शनिवारी भरून द्यावी.’

सकाळी अकरा ही वेळ उगाच निवडलेली नाही. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूर सोडते आणि संध्याकाळी पुण्याहून परत निघते. त्या गाडीने जाऊन-येऊन मुलासोबत दुपारचे जेवण आणि बागेतला एक फेरफटका आरामात होतो, मुक्कामाचा खर्च लागत नाही. २०२३ पासून सोलापूर–मुंबई वंदे भारतही आहे, पण तिचे भाडे दर महिन्याला परवडेल का हे आधी पाहावे. रस्त्याने पुणे अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. सात वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला दोन्ही बाजूंनी हा प्रवास घडवणे म्हणजे भेटीचा हक्क मुलाच्या पाठीवर लादणे होय. म्हणून एकदा पालकाने जावे आणि एकदा मुलाने यावे, ही वाटणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. जो पालक गाव सोडतो, त्याने मुलाच्या प्रवासाचा खर्च स्वतःकडे घेतल्याचे प्रस्तावात लिहून टाकावे. पोटगीचा वाद सोबत चालू असेल, तर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे मालमत्ता व दायित्वांचे जे शपथपत्र द्यावे लागते, त्यातील आकडे आणि प्रस्तावातील खर्चाचा आकडा एकमेकांशी जुळायला हवेत. ते जुळत नसतील, तर समोरचे वकील नेमके तेथेच बोट ठेवतात.

सुट्ट्यांची वाटणी करताना सरकारी यादी समोर ठेवून काम भागत नाही. दिवाळी आणि मे महिना सगळेच वाटून घेतात. सोलापूरच्या मुलासाठी संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्राही तितकीच महत्त्वाची असते आणि सोलापुरातल्या शाळांइतकी सुट्टी पुण्याच्या शाळेला त्या दिवसांत असेलच असे नाही. अक्षता सोहळा आणि नंदीध्वजांची मिरवणूक आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेल्या मुलासाठी ‘यात्रेचे दोन दिवस मूल शाळेतून रजा घेऊन सोलापुरात येईल’ हे वाक्य प्रस्तावात असावे. पद्मशाली कुटुंबांत नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाबद्दल असेच लिहावे. मागे राहणाऱ्या पालकाला असा उल्लेख वाचून जे वाटते, ते दहा निकालांचे दाखले देऊनही साधत नाही, आणि कित्येकदा प्रकरण तेथेच तडजोडीकडे वळते.

व्हिडिओ कॉलबद्दलही असेच नेमके लिहावे. वेगळ्या राहणाऱ्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निर्णयात म्हटले आहे. कॉल कोणाच्या फोनवर येईल, कोणत्या वेळी येईल आणि त्या वेळी दुसरा पालक खोलीत असेल की नाही, हे तिन्ही लिहावे. तिसरी बाब क्षुल्लक वाटते, पण भांडण बहुधा तिच्यावरूनच होते.

समुपदेशकांची खोली

कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल झाल्यावर प्रकरण विवाह समुपदेशकांकडे जाते, कारण १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले आहे. मुलाशी एकट्याने बोलणे येथेच होते. १८९० च्या अधिनियमातील कलम १७ प्रमाणे मूल समजूतदार मत बनवण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय त्याचे मत विचारात घेऊ शकते. त्यासाठी वयाची ठरीव रेषा नाही.

एका प्रकरणात आठ वर्षांच्या मुलीने आत गेल्या गेल्या सांगितले, ‘पुण्यात माझ्या सर्वांगीण विकासाला वाव आहे.’ समुपदेशक बाईंनी विचारले, सर्वांगीण म्हणजे काय गं? मुलगी थोडी थांबली आणि म्हणाली, ‘पुढचं वाक्य मला आठवत नाहीये, आईला विचारून येऊ का?’ त्यानंतर तिने स्वतःहून विचारलेला प्रश्न एकच होता, तिची सायकल टेंपोत बसेल का हा. सायकलच्या प्रश्नावरून मुलीची जाण्याची मनापासून तयारी दिसत होती, आणि आईने काहीही पढवले नसते तर अहवालात तेवढेच आले असते. प्रत्यक्षात पाठांतराचीही नोंद झाली. मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात मध्यस्थीतील बोलणे गोपनीय असते, पण समुपदेशकांचा मुलाविषयीचा अहवाल तसा गोपनीय म्हणून बाजूला ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले आहे. तेव्हा त्या खोलीत जे घडते ते न्यायाधीशांपुढे येते, असे धरूनच आत जावे.

वेळ, वकील आणि कोल्हापूर

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात आणि त्याआधी मे महिन्यात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. एप्रिलमध्ये केलेल्या अर्जावर जूनपूर्वी हुकूम मिळेल अशी आशा धरू नये. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज करावा, रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मिळाल्याचे कंपनीचे पत्र जोडावे आणि सोबत अंतरिम अर्जही द्यावा. कौटुंबिक न्यायालयाची हद्द जेथे लागू होत नाही, अशा ठिकाणच्या मुलांच्या बाबतीत अर्ज जिल्हा न्यायालयाकडे जातो.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

अंतिम निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी कौटुंबिक न्यायालय अधिनियमात ३० दिवसांची मुदत दिलेली आहे आणि तीच डोळ्यांसमोर ठेवून चालावे. अंतरिम हुकमाविरुद्ध मात्र अपील नाही, रिट याचिका करावी लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. तेव्हा आता मुंबईला खेपा घालण्याऐवजी कोल्हापूरला जायचे आहे.

परदेशाचा प्रश्न असेल तर

येथे मागे राहणाऱ्या पालकाची भीती खरी असते. मुलांच्या बेकायदा स्थलांतराविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे मूल परत आणण्याचा सरळ आंतरराष्ट्रीय मार्ग उपलब्ध नसतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा केनियात राहणाऱ्या वडिलांना दिला आणि त्यासाठी तेथील न्यायालयाकडून त्याच आशयाचा हुकूम, म्हणजे ‘मिरर ऑर्डर’, आणण्याची अट घातली. पुढे वडिलांनी अटी पाळल्या नाहीत आणि २०२१ साली न्यायालयाला तो हुकूम मागे घ्यावा लागला. त्यामुळे परदेशी जाऊ पाहणाऱ्याने हमी आपणहून द्याव्यात. परतीच्या तारखा, तेथील पत्ता व शाळा, सोलापुरात राहणाऱ्या आई-वडिलांचे हमीपत्र आणि शक्य असेल तर मिरर ऑर्डरची तयारी यांचा त्यात समावेश असावा. अज्ञान मुलाच्या पासपोर्टसाठी सामान्यतः दोन्ही पालकांच्या संमतीचे ‘परिशिष्ट ड’ लागते. एका पालकाची संमती मिळत नसेल, तर ‘परिशिष्ट क’ मधील घोषणापत्र द्यावे लागते आणि त्यात न्यायालयीन वादाची माहिती लपवू नये.

विरोध करायचा असेल तर

मागे राहणाऱ्या पालकाने ‘मूल सोलापूर सोडणार नाही’ एवढेच म्हणणे दाखल केले, तर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. गेल्या दोन वर्षांतील आपल्या भेटींच्या तारखा, शाळेच्या पालकसभांना लावलेली हजेरी आणि भरलेल्या फीच्या पावत्या मांडाव्यात. ज्याने भेटीचे निम्मे रविवार स्वतःच चुकवले आहेत, त्याने नात्याच्या नावाने केलेला युक्तिवाद टिकणे अवघड असते. सोबत पर्यायी मागणी जरूर ठेवावी, म्हणजे परवानगी दिलीच तर मे महिन्याची पूर्ण सुट्टी, यात्रेचे दिवस आणि मुलाच्या शाळेकडून थेट प्रगतिपत्रक मिळण्याची मुभा द्यावी. पर्यायी मागणी ठेवली म्हणजे हार मानली, असे समजणारे पक्षकार पुष्कळ भेटतात, आणि मग त्यांच्या वाट्याला समोरच्याने लिहिलेले वेळापत्रक येते.

हुकूम झाल्यावर त्याच दिवशी नकलेचा अर्ज करावा आणि प्रमाणित प्रती तीन घ्याव्यात. एक प्रत शाळा सोडल्याचा दाखला मागताना जुन्या शाळेत दाखवावी, दुसरी नव्या शाळेच्या फाइलमध्ये द्यावी, म्हणजे मुलाला नेण्यास कोण येऊ शकते हा प्रश्न फाटकावर उभा राहत नाही, आणि तिसरी मुलाच्या पहिल्या प्रवासात तिकिटासोबत पिशवीत ठेवावी.